आईला लागू द्यायचं नाही

नऊ वर्षांनी एकदा बेलमिरोची कुऱ्हाड
त्याच झाडापाशी परत येते.
जूनचं ऊन, आलेन्तेजूचं कोरडं माळरान,
बुचाच्या ओकात वर चढलेला रस.
घाव उभा घालायचा,
मग पातं जरासं पिळायचं
आणि कान द्यायचा.
साल सुटणार असेल तर पोकळ आवाज येतो,
जुनं लुगडं टरकावं तसा.
आखूड, खणखणीत आला तर थांबायचं,
झाड अजून राजी नाही.

सालीखाली एक थर असतो,
इथली माणसं त्याला आई म्हणतात.
बाप शिकवून गेला ते एवढंच:
आईला लागू द्यायचं नाही.
लागलं, तर ती जागा कायमची मुकी.

इल्दाने शाळेतून सूक्ष्मदर्शक आणलाय,
पेर्पेतुआबाईंची मनधरणी करून, सोमवारपर्यंत.
दाढीच्या पात्याने बुचाचा पापुद्रा काढलाय,
फुंकरीने उडेल इतका पातळ.
पहिले दोन उडालेच.
"बघ ना, मामा."
तो टोपी काढतो. का, ते त्यालाही सांगता येणार नाही.
एक डोळा मिटणं त्याला जमत नाही,
ती तळहाताने झाकते.

खोल्या.
भिंतीला भिंत लागून, ओळीने, पोळ्यासारख्या.

इल्दा सांगते, साडेतीनशे वर्षांमागे
लंडनमध्ये एकाने असंच पातं परजून
असंच बूच कापलं,
कोण जाणे, आपल्याच रानातलं असेल.
मठात साधूला पाठ टेकायला असते तेवढी कोठडी,
तिचं नाव त्याने या घरांना दिलं.
घन इंचात शंभर कोटींच्या वर भरल्या म्हणे.

बेलमिरो बराच वेळ काचेवरून डोळा काढत नाही.
"घरं नेटकी आहेत," म्हणतो,
"पण राहतं कोण?"

इल्दा वही चाळते.
कुणी नाही. आत नुसती हवा.
त्या माणसाने पहिल्यांदा पाहिलं
ते उठून गेलेलं गाव होतं,
आणि तेच नाव पुढे सगळ्यांना लागलं:
कांद्याला, बेडकाला, तान्ह्या बाळाला,
डेल्फ्टच्या कापडवाल्याला तळ्याच्या थेंबात
वळवळताना दिसले त्यांनाही.
पावणेदोनशे वर्षं गेली मग
दोन जर्मन पंडितांना जेवता जेवता उमगायला
की झाड काय, जनावर काय, वीट एकच.
आणि ही वीट भट्टीत भाजत नाहीत,
विटेच्याच पोटी वीट येते,
हे कळायला आणखी थोडी.

"पंडितांना उशीर लागतो," बेलमिरो म्हणतो,
आणि तिला मनगटाला धरून
सकाळी सोललेल्या ओकापाशी नेतो.
खोड उघडं. तेव्हा फिकट होतं,
आता लाली धरू लागलंय.
"हात ठेव. दाबू नको."
गार, दमट, वासराच्या नाकासारखं.
"राहणारे इथे आहेत.
तुझ्या त्या लंडनवाल्याला बाटलीचं बूच मिळालं,
झाड नाही मिळालं.
त्याचा काय दोष?"

इल्दा हात काढत नाही.
तिच्या तळव्याखाली, आवाज न करता,
एकीच्या दोन होताहेत, दोनाच्या चार,
बाहेर सरकताहेत, कोरड्या होताहेत,
आणि उन्हावणव्याच्या आड
भिंती तेवढ्या ठेवून चालल्या आहेत.

बेलमिरो डबा उघडून पांढऱ्या रंगाने
खोडावर आकडा घालतो, ५,
या सालाचं शेवटचं बोट.
पुन्हा साल निघेल तेव्हा इल्दा बावीसची असेल.
स्वतःचं वय तो मोजत नाही.
ब्रश गवताला पुसतो.

रात्री ती गालाच्या आतून
काडीने जरासं खरवडते,
निळं औषध घालून काचेखाली धरते.
वेड्यावाकड्या खोल्या, भिंती पातळ,
आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका,
कुणीतरी घरी असल्यासारखा.
हाक मारावीशी वाटते,
पण मामाला चारला उठायचंय.

खरवडताना तिने हात हलका ठेवला होता.